तट, खंदक आणि पोटखराब

सुरत म्हटले की मराठी माणसाकडे दोनच विषय असतात. एक लूट आणि दुसरा साड्या. साड्यांचा विषय लग्नसराईत निघतो, लुटीचा शिवजयंतीला. २०२४ च्या सप्टेंबरात मात्र लुटीचा विषय अवेळीच निघाला. महाराजांनी सुरत लुटली म्हणायचे, की खंडणी वसूल केली म्हणायचे, की लुटलीच नाही म्हणायचे, यावरून महाराष्ट्रात चांगलीच जुंपली. आमच्या कचेरीच्या कँटीनमध्येही त्याचे पडसाद उमटले आणि चहा थंड होईपर्यंत दोन तट पडले. गंमत पाहा, तट पडले, पण तटाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही!

मी पडलो सरकारी कारकून. कोण काय म्हणाले, कोणत्या पक्षाचे म्हणाले, यावर लिहिणे आमच्या सेवानियमांत बसत नाही आणि खरे सांगायचे तर मला त्यात रसही नाही. मला रस आहे तो सुरतेच्या तटात. लूट की खंडणी हा वाद शब्दांचा आहे आणि शब्द ज्याच्या त्याच्या सोयीने फिरतात. पण मराठ्यांबद्दल सुरतेचे आणि तिच्या बादशहाचे त्या काळी जे मत झाले, ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने विटांत बांधून ठेवले होते. एकदा नव्हे, दोनदा. हा दाखला शत्रूने दिलेला. त्यावर ना आपली सही, ना आपला शिक्का. आणि नेमका तोच आपल्याला नको आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचे भांडण कळायचे नाही.

६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेवर आले तेव्हा एवढ्या श्रीमंत बंदराला तट म्हणावा असा तट नव्हता. तापीच्या काठी किल्ला तेवढा होता आणि शहराचा कारभारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून त्या किल्ल्यात जाऊन बसला. विरजी व्होरा, हाजी झाहिद बेग असल्या बड्या व्यापाऱ्यांचे वाडे उघडे पडले. इंग्रजांची वखार जॉर्ज ऑक्झेंडनने लढवली म्हणून राहिली. मोगली कुमक येत असल्याची खबर लागताच १० तारखेला महाराज निघून गेले. त्यानंतर औरंगजेबाने दोन गोष्टी केल्या. व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली आणि शहराभोवती विटांचा तट घालण्याचा हुकूम सोडला. माफी कागदावर लगेच मिळते, बांधकामाला मात्र वर्षे लागतात. सरकारी कामाची ही चाल मला चांगली परिचयाची आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले तेव्हा तटावरचे लोक थोडा वेळ टिकले न टिकले आणि पुन्हा किल्ल्याकडे पळाले. म्हणजे हुकूम झाला, खर्च झाला आणि ऐन वेळी तट होता नव्हता सारखाच झाला.

तरी सुरतेने तटाचा नाद सोडला नाही. पहिल्या तटाच्या आतले शहर ते 'शहरपनाह'. पुढे अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, गुजरातेत मराठी फौजांच्या फेऱ्या नेमाच्या होऊ लागल्या तेव्हा, त्याच्याही बाहेर दुसरा तट उभा राहिला, तो 'आलमपनाह'. १७१९ च्या सुमारास पिलाजी गायकवाड सोनगडला येऊन बसले आणि सुरतेच्या भोवतालच्या परगण्यांची चौथाई वसूल होऊ लागली. म्हणजे दुसऱ्या तटाची भीती काही हवेतली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. या दोन तटांच्या मध्ये काय होते? आपल्या डोळ्यांसमोर तट म्हटला की लगेच बुरूज, तोफ, भगवा झेंडा आणि खाली गजबजलेली वस्ती येते. सुरतेच्या दोन तटांच्या मध्ये वस्ती होती ती विखुरलेली. बाकी बागा आणि शेते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांतसुद्धा आतल्या दाट शहराचे आणि लागवडीच्या जमिनीत पसरलेल्या या उपनगरांचे वर्णन आहे. मधला खंदक बहुतेक बुजून गेल्याचेही नमूद आहे. सलाबतपुरा, बेगमपुरा, रुस्तमपुरा, सगरामपुरा ही 'पुरा' लावलेली नावे याच पट्ट्यातली.

शेत तटाच्या आत कशाला घ्यायचे? यात वेडेपणा काही नाही. वेढा पडला तर शहराला विहिरी लागतात, गुरांना वैरण लागते, भाजीपाला लागतो. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे गुरेढोरे घेऊन आत पळून येतात, त्यांना उभे राहायला जागा लागते. शिवाय बाहेरचा हल्ला पहिल्या तटावर अडखळला तर आतल्यांना सावरायला वेळ मिळतो. मातीच्या कामाचाही हिशेब सोपा आहे. खंदकाची माती काढायची आणि आतल्या अंगाला टाकायची. एकच खड्डा दोन कामे करतो. बाहेरून खोली वाढते, आतून उंची. गोव्यात ज्याने खाजनाचा बांध घातलेला पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

पण ही माती कोणाच्या शेतातली? ही ओळ कुठल्याच बखरीत नसते. तट कोणी बांधला तर अमुक खानाने, कोणाच्या हुकमाने तर तमुक बादशहाच्या. ज्याच्या वांग्याच्या वाफ्यातून खंदक गेला त्याचे नाव नाही. युद्धात शेतकऱ्याचे दोनदा जाते. एकदा शत्रू आल्यावर आणि एकदा शत्रू येणार म्हणून. दुसऱ्या वेळचे नुकसान कोणी मोजत नाही, कारण ते आपल्याच सरकारने केलेले असते.

सुरतेच्या बाबतीत गोवेकराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तापीकाठचा तो किल्ला, ज्यात इनायतखान लपला, तो कोणाच्या भीतीने बांधला होता? मराठ्यांच्या नव्हे. तो १५४० ते ४६ च्या सुमारास गुजरातच्या सुलतानाच्या कारकिर्दीत खुदावंदखानाने बांधला, पोर्तुगिजांच्या भीतीने. १५३० मध्ये, ज्या वर्षी गोवा शहर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी झाले, त्याच वर्षी अंतोनियो द सिल्व्हैराने सुरत आणि पलीकडचे रांदेर जाळले होते. म्हणजे पाहा, सुरतेचा किल्ला आमच्या त्या वेळच्या राज्यकर्त्यांमुळे आणि सुरतेचा तट आमच्या महाराजांमुळे. दोन्हीकडून पत्ता आमचाच! सुरतेच्या दगडविटांवर बोलायचा जेवढा हक्क पुणेकराला आहे त्यापेक्षा काकणभर जास्तच गोव्याच्या मराठी माणसाला आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

मी सुरतेत गेलो तो मेव्हण्याकडे. तो नोकरीनिमित्त तिथे असतो. रिक्षा केली आणि म्हटले, मला सगळे दरवाजे दाखव. रिक्षावाला निघाला खानदेशचा (लिंबायत, उधना भागात निम्मा खानदेश उतरलेला आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत त्या याच लोकांच्या जिवावर). त्याने मजुरा गेट दाखवले, उधना दरवाजा दाखवला, मान दरवाजा, सहारा दरवाजा, दिल्ली गेट. प्रत्येक ठिकाणी वाहनांची ही गर्दी, डोक्यावरून पूल, दोन्ही बाजूंना कापडबाजाराच्या इमारती, पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल. दरवाजा कुठेच नाही. मी विचारले, "भाऊ, दरवाजा कुठे आहे?" तो म्हणाला, "दरवाजा नाही भाऊ, नावच आहे."

नावच आहे! सुरतेचा रिंग रोड साधारण बाहेरच्या तटाच्या रेषेने फिरतो. तट गेला, खंदक बुजला, रेषा राहिली ती रस्ता होऊन. मधली शेते गेली. ज्या साड्यांच्या बाजाराची आपण एवढी तारीफ करतो तो याच रेषेला धरून बसला आहे. आपण शालू घ्यायला जातो आणि आलमपनाहवर उभे राहून भाव करतो, हे आपल्या गावीही नसते.

सुरतकरांना दोष देणारा मी कोण? १८३७ मध्ये आधी आग आणि मग पूर असे दोन्ही त्या शहराने एका वर्षात सोसले आहेत. पुढे व्यापार गेला, परत आला, माणसे वाढली. शहराला जागा लागली, त्यांनी वापरली. तापीकाठचा किल्ला मात्र तिथल्या महापालिकेने गेल्या काही वर्षांत खर्च करून नीट उभा केला, आत संग्रहालय केले, हे कबूल केले पाहिजे. पण यातच ती खोड आहे जिच्याशी माझे भांडण आहे. किल्ला ठेवायचा, तट सोडायचा. किल्ला एका जागी असतो. त्याला फाटक लावता येते, तिकीट लावता येते, मंत्र्यांना बोलावता येते. तट लांबच लांब जातो, पंचवीस जणांच्या जमिनीतून जातो, त्याला फीत कुठे बांधणार?

ही खोड सुरतेपुरती नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर सुरू झाल्या तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच मुळी 'मराठा डिच'. तो पुरा झालाच नाही. भोसले तिथवर आले नाहीत आणि काम अर्धवट राहिले. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला. बागबाजार भागात 'मराठा डिच लेन' अशी एक गल्ली आहे. मुंबईत १७३९ मध्ये वसई पडल्याची बातमी आली आणि कोटातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या खिशातून तीस हजार रुपये खंदकासाठी काढून दिले. पुढे कोटासमोर तोफांच्या माऱ्याला जागा मोकळी हवी म्हणून माडांच्या बागा आणि घरे हटवली. आज आझाद मैदान आणि ओव्हल म्हणून आपण जे पाहतो ते त्याच मोकळ्या केलेल्या जागेचे तुकडे. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना कोणी सांगत नाही की बाबांनो, हे मैदान चिमाजी अप्पांच्या धाकाने रिकामे झाले आहे!

सुरत, कलकत्ता, मुंबई. तिन्ही ठिकाणी मराठ्यांचा सगळ्यांत मोठा पुरावा शत्रूने जमिनीत खणून ठेवला होता आणि तिन्ही ठिकाणी तो गेला. आपण महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर जीव टाकतो, टाकावाच. २०२५ च्या जुलैत त्यांतले अकरा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा मीही पेढे वाटले. पण स्वतः बांधलेला किल्ला सांगतो की आपण स्वतःला काय समजत होतो. दुसऱ्याने आपल्या भीतीने बांधलेला तट सांगतो की दुसरे आपल्याला काय समजत होते. इतिहासाच्या कोर्टात कुठली साक्ष जास्त वजनाची, हे वकिलाला विचारायला नको.

आता गोव्यात येतो, कारण इथे गोष्ट अजून हातातून गेलेली नाही.

पोर्तुगिजांनी तिसवाडी बेटाच्या पूर्व अंगाला, कुंभारजुव्याच्या नदीच्या काठाने, तटबंदी घातली होती. सुरुवात आदिलशाहीच्या धास्तीने. १५७०-७१ चा आदिलशाही वेढा त्यांनी सोसलेला होता. पुढे तीच तटबंदी मराठ्यांसाठी कामी आली. ओहोटीला पाणी उतरले की माणूस पायी नदी ओलांडू शकेल अशा जागा त्या बाजूला होत्या, म्हणून गवंडाळी, बाणस्तारी असली ठिकाणे त्यांनी पक्की केली. तिकडे बार्देशात थिवीला १६३५ च्या सुमारास किल्ले झाले आणि कोलवाळच्या बाजूशी त्यांना जोडणारा खंदक निघाला. थिवी म्हटले की आज आपल्याला कोकण रेल्वेचे स्टेशन आठवते आणि गाडी किती तास लेट आहे ते आठवते. पण एके काळी बार्देशात शिरायचे तर इथली रेषा ओलांडावी लागे.

ती ओलांडली गेलीच. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने जुव्याचा, म्हणजे सांत इस्तेव्हचा, किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा मागे आला आणि त्याने आपली सत्तेची काठी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवली. आता तूच सांभाळ म्हणून! १७३९ मध्ये सासष्टीत व्यंकटराव घोरपडे आले, बार्देशात सावंतवाडीकर आले. तट, खंदक, किल्ले सगळे असून आले. सुरतेची १६७० ची गोष्टच पुन्हा.

या तटांचे आणि खंदकांचे अवशेष आज कुठे आहेत? शेतात, खाजनाच्या कडेला, कुळागराच्या मागे, कुणाच्या भाटात. चिऱ्यांची एक उंच ओळ, वर रान माजलेले, मध्येच एक भगदाड. कुणी चिरे काढून गोठ्याला लावले आहेत, कुणी कुंपणाला. जवळच्या लोकांना विचारले तर 'पोर्तुगिजांची वंय' म्हणून सांगतील आणि आपल्या कामाला लागतील.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. गोव्यातला प्रत्येक शेतकरी एक-चौदाचा उतारा ओळखतो. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर मोजणी होऊन जी नोंद झाली ती या उताऱ्यावर उतरली. त्यात लागवडीखालच्या जमिनीचे रकाने आहेत. जिरायत, बागायत, भातशेती, खाजन, केर, मोरड. किती बारकाईने केलेले काम! नदीच्या खाऱ्या पाण्यातले शेत वेगळे, वाळूतले वेगळे, डोंगराच्या पायथ्याचे वेगळे. आपल्या वाडवडिलांनी जमिनीला दिलेले शब्द सरकारी कागदावर आले, याचा मला अभिमान आहे. पण त्याच उताऱ्यावर आणखी एक रकाना आहे. पोटखराब. ज्यात पीक येत नाही ती जमीन.

तट हा पोटखराब. खंदक हा पोटखराब. चारशे वर्षांचा इतिहास, दोन राजवटींची भीती, शेकडो माणसांच्या घामाची माती, आणि कागदावर त्याची किंमत काय, तर इथे भात येत नाही! मी एका कचेरीत (कोणत्या ते सांगत नाही) एक अर्ज पाहिला होता. अर्जदाराने लिहिले होते, आमच्या जागेतला 'दगडांचा जुना ढीग' हटवायचा आहे. नकाशा पाहिला तर हा ढीग सरळ रेषेत पाच सर्व्हे नंबरांतून जात होता. ढीग सरळ रेषेत जातो का हो कधी? अर्ज हाताळणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदावर 'तट' असा शब्दच नव्हता. जे कागदावर नाही ते आमच्या लेखी नसतेच.

राज्य पुरातत्त्व खात्याच्या यादीत पन्नासएक संरक्षित स्मारके आहेत. १९७८ चा कायदा आहे. पण ही यादी ठिपक्यांची आहे. इथे एक देऊळ, तिथे एक किल्ला, पलीकडे एक कमान. दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा यादीत बसत नाही. आणि या रेषांशिवाय ते ठिपके मुके आहेत. थिवीचा किल्ला एकटा पाहिला तर तो किल्लाही वाटत नाही, इतका लहान. खंदकासकट पाहिला तर कळते की आख्ख्या बार्देशाचे दार कुठे होते.

यावर मला तीन प्रकारची माणसे विरोध करतात. पहिला प्रकार म्हणतो, पोर्तुगिजांच्या खुणा आहेत त्या, पुसल्या पाहिजेत. २०२३ मध्ये ही भाषा गोव्यात मोठ्या व्यासपीठावरूनही ऐकू आली. (कोणाच्या तोंडून ते लिहीत नाही, सेवानियम!) या मंडळींना माझे म्हणणे एवढेच. अहो, ज्या चर्चचा घंटाघर पोर्तुगिजांनी ऐश्वर्य दाखवायला बांधला तो त्यांच्या गर्वाची खूण, एक वेळ मान्य करतो. पण शेतातली ही वंय त्यांच्या गर्वाची नाही, त्यांच्या भीतीची खूण आहे. संभाजी महाराज येतील म्हणून ती आहे. ती पुसून तुम्ही कोणाचे नाव पुसता? शिवजयंतीला मिरवणूक काढायची आणि महाराजांच्या धाकाचा पुरावा जेसीबीने उचलून वाहतूक पासावर 'दगड' म्हणून पाठवायचा, याला काय म्हणावे?

दुसरा प्रकार उत्साही असतो. तो म्हणतो, करू या की संवर्धन! मग त्याच्या डोळ्यांत पेव्हर ब्लॉक दिसू लागतात, रंगीत दिवे दिसू लागतात, एक तोफ, एक पुतळा, एक सेल्फी पॉइंट. शेत जाते ते जातेच, वर कंत्राट निघते. असे संवर्धन होण्यापेक्षा वंयीवर घाणेरीचे रान वाढलेले बरे. निदान तिच्या मुळांना निविदा लागत नाही.

तिसरा विरोध खरा आहे आणि त्याला मी मान देतो. तो शेतकऱ्याचा. तो म्हणतो, तुमचा इतिहास माझ्या जमिनीत कशाला? उद्या तुम्ही संरक्षित म्हणून फलक लावाल, परवा मला नांगर घालू देणार नाही, तेरवा घराला एक खोली वाढवायची तर दिल्लीला अर्ज करावा लागेल. त्याची भीती खोटी नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती २०१० पासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगी, असा नियम आहे. जुन्या गोव्याच्या आसपासच्या लोकांना विचारा. आणि कोमुनिदादींचा अनुभव तर फार जुना आहे. त्या तटांचा, त्या लढायांचा पैसा पोर्तुगिजांनी गावकऱ्यांकडूनच वसूल केला होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तट बांधायचा खर्च सोसला, त्यांच्याच नातवंडांनी तो सांभाळायचाही खर्च सोसायचा का? नाही. साफ नाही.

म्हणून मी स्मारक मागत नाही, कुंपण मागत नाही, निधी तर मुळीच मागत नाही. मी एक ओळ मागतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो. बँकेचे कर्ज तिथे लिहिता, वाट-वहिवाट तिथे लिहिता. तिथे लिहा : 'या सर्व्हे नंबरातून जुनी तटबंदी जाते' किंवा 'जुना खंदक जातो'. शेत शेतकऱ्याचे, पीक शेतकऱ्याचे, नांगर त्याचा. फक्त चिरे उचलायचे झाले किंवा खंदक बुजवायचा झाला तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारायचे. त्यासाठी नियमात दुरुस्ती लागेल हे मला कळते. कागदाचे काम कागदाच्या वाटेनेच होते. पण याहून कितीतरी अवघड दुरुस्त्या कितीतरी कमी चांगल्या कामांसाठी एका अधिवेशनात झालेल्या मी पाहिल्या आहेत. सखल जमिनीत भराव घालायला नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाची आडकाठी आधीच आहे. चारशे वर्षांपूर्वी खणलेला खंदक सखल नाही तर काय आहे?

घाई का, असे कोणी विचारेल. घाई यासाठी की सुरतेतली शेते गेली म्हणून तट गेला. तट आधी गेला नाही. जोवर भोवती शेत असते तोवर जुना बांध कोणाच्या आड येत नाही. फार तर त्यावर गुरे चढतात. शेताचा प्लॉट झाला की मात्र त्यातली प्रत्येक उंच गोष्ट अडचण होते आणि प्रत्येक खोल गोष्ट खड्डा. २०२४ मध्ये आलेल्या ३९-अ कलमावरून, जमिनींचे झोन बदलण्यावरून, गोव्यात केवढा गदारोळ झाला ते आपण पाहिले. त्या गदारोळात शेत गेल्याचे दुःख ऐकू आले, डोंगर गेल्याचे आले. त्या शेतांच्या पोटात काय होते याची यादी कोणाकडेच नव्हती. आता यादी करणे कठीण नाही. उतारे आणि नकाशे घरबसल्या संगणकावर पाहता येतात. थिवी, शिरसई, कोलवाळ, गवंडाळी, बाणस्तारी, करमळी इथल्या ज्या वाचकांच्या शेतातून अशी वंय किंवा असा चर जातो, त्यांनी आपल्या सर्व्हे नंबराचा नकाशा काढून त्यावर पेन्सिलीने रेघ ओढावी. शेजाऱ्याच्या नंबरात ती रेघ जुळते का पाहावे. जुळली तर ती ढीग नव्हे.

पोटखराबाचे क्षेत्र किती लावले आहे तेही पाहून ठेवा. रेघ लांब आणि क्षेत्र शून्य असे असेल तर तो वेगळाच अर्ज, आणि तो मामलेदार कचेरीत द्यावा लागेल. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या.